कुणाचंच रक्त चालेना

रात्री पावणेबाराला फोन वाजला तेव्हा मी जागीच होते. संध्याकाळी नानांना ॲडमिट केलं होतं. ताप, छातीत कफ आणि हिमोग्लोबिन ६.१. दोन बॅगा रक्त लावायचं ठरलं होतं, आणि त्या रक्ताची मला अजिबात काळजी नव्हती. सव्वीस वर्षं मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे. त्यातून नानांचा ग्रुप बी पॉझिटिव्ह, म्हणजे फ्रिजमधला ज्याचा कप्पा सहसा भरलेला असतो असा.

"ताई, नानांचं मॅच होत नाहीये," नाइट ड्यूटीचा मुलगा म्हणाला. "सहा बॅगा लावून पाहिल्या. सहाच्या सहा इनकम्पॅटिबल."

"ग्रुप पुन्हा केलास?"

"तीनदा केला. बी पॉझिटिव्हच येतोय."

मी ॲक्टिव्हा काढली. नाशिकरोडच्या बिटकोपासून द्वारका चौकापर्यंत रस्ता मोकळा होता, पुढे मुंबई नाक्याला कालिकेच्या यात्रेची गर्दी. २०२२ चं नवरात्र. करोनामुळे दोन वर्षं सगळं बंद होतं, त्याची भरपाई करायलाच जणू सगळं नाशिक रस्त्यावर उतरलेलं. पाळणे थांबले होते, पण माणसं हटत नव्हती. या एवढ्या माणसांत किती तरी बी पॉझिटिव्ह असतील, आणि माझ्या बापाला त्यातल्या कुणाचंच रक्त चालू नये? हेल्मेटच्या आत माझं हेच चाललं होतं.

नाना करन्सी नोट प्रेसमधून २००८ साली रिटायर झाले. नाशिकरोडच्या माणसाला 'प्रेस' एवढं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. १९२८ पासून इथे नोटा छापल्या जातात, आणि जेलरोडची कितीतरी घरं त्या पगारावर उभी राहिली, आमचंही. नानांचं काम तपासणीचं. छापून आलेल्या शीटवर नजर फिरवायची, शाई फाकलीय का, रेघ तुटलीय का, नंबर सरकलाय का ते बघायचं. सगळी नोकरी यातच गेली. त्यामुळे घरात कुठलाही कागद आला, लग्नपत्रिका असो की लाइटबिल, तो आधी उजेडाकडे धरायचा ही त्यांची सवय. दुकानदाराने सुटे दिले की प्रत्येक नोटेवरून अंगठा फिरवायचे. मागे रांग लागलेली असायची. आम्हा भावंडांना तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

२०१९ च्या उन्हाळ्यात त्यांची कंबर दुखायला लागली. पट्टा झाला, तेल झालं, फिजिओथेरपी झाली. मी रोज शेकडो लोकांचं रक्त हाताळते, पण वडिलांचं हिमोग्लोबिन बघावं हे मला चार महिने सुचलं नाही. बघितलं तेव्हा ७.९ निघालं, आणि मणक्याच्या हाडांत पोकळ्या. मल्टिपल मायलोमा.

हा हाडांच्या मगजातल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. प्लाझ्मा पेशी म्हणजे शरीरात अँटीबॉडी छापणारं मशीन. त्यातली एक बिघडते, स्वतःच्याच प्रती काढत सुटते, आणि त्या सगळ्या प्रती मिळून एकच एक निरुपयोगी अँटीबॉडी छापत राहतात. खऱ्या कामाच्या पेशींना मगजात जागा उरत नाही, हाडं झिजतात, किडनी तुंबते. बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड, डेक्सा या औषधांवर अडीच वर्षं नीट चाललं. मग आजार परत आला आणि डॉक्टरांनी डाराटुमुमॅब काढलं. वॉर्डात सगळे 'डारा' म्हणतात. सिन्नर रोडचा प्लॉट त्यात गेला. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

डॉक्टर चांगले होते, समजावून सांगणारे. "प्लाझ्मा पेशीच्या अंगावर सीडी ३८ नावाची एक खूण असते. हे औषध ती खूण शोधून तिला चिकटतं. मग शरीराच्या संरक्षण करणाऱ्या पेशी येतात आणि ती पेशी संपवतात."

नानांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "ही खूण चांगल्या पेशींवर नसते?"

डॉक्टर जरा थांबले. "असते. मायलोमाच्या पेशींवर फार दाट असते. पण चांगल्यांवरही असते."

"मग औषधाला कळतं कसं, खोटी कुठली ते?"

"नाही कळत."

त्या उत्तरासाठी मी त्या डॉक्टरांना मनातल्या मनात नमस्कार केला. पेपरात अशा औषधांबद्दल आलं की हटकून 'क्षेपणास्त्र' हा शब्द येतो. कॅन्सरच्या पेशीवर अचूक मारा, निरोगी पेशींना धक्का नाही वगैरे. ज्याने कुणी हे लिहिलंय त्याने कधी पहिल्या डोसचा दिवस बघितलेला नाही. आधी पॅरासिटामॉल, अविल, स्टिरॉइड, मॉन्टेलुकास्टची गोळी, मग अगदी थेंबथेंब ड्रिप. तरी तासाभरात नानांचं नाक चोंदलं, घसा खवखवायला लागला, दोन ब्लँकेटांतही दात वाजायला लागले. सिस्टरनी ड्रिप बंद केली, थांबल्या, पुन्हा निम्म्या वेगाने सुरू केली. सकाळी गेलेलो आम्ही रात्री घरी आलो.

पण ते नंतर. डॉक्टरांकडून निघालो त्या दिवशी नाना रिक्षात बराच वेळ गप्प होते. उड्डाणपुलाखाली सिग्नलला म्हणाले, "म्हणजे नोटाबंदी."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"खोटी निवडून काढता येत नाही ना? मग पाचशेची आणि हजाराची, सगळीच रद्द. खरी असो, खोटी असो."

८ नोव्हेंबर २०१६ ला नाना रिटायर होऊन आठ वर्षं झाली होती. तरी त्या महिन्यात त्यांना घरात बसवेना. शेजारचा मुलगा सुट्टी न घेता प्रेसमध्ये जात होता, त्याला ते रोज फाटकापाशी गाठून विचारायचे, आज किती निघाल्या? बाजार ठप्प, भाजीवाली उधारीवर, लासलगावला कांद्याचे पैसे अडकलेले. पण प्रेस चालू होती. "प्रेस चालू आहे ना, मग येतील नोटा," हे त्यांचं पालुपद. त्यांना काळजी होती ती मशीनची.

नानांना ठाऊक नव्हतं की रक्ताच्या कॅन्सरवरच्या या सगळ्या औषधांचं मर्म त्यांनी रिक्षात बसून सांगितलं होतं. मलाही ते नीट उमगायला पुढचे काही महिने जावे लागले.

बी पेशींचं घ्या. याही पांढऱ्या पेशीच, संरक्षणाच्या कामातल्या, आणि लिम्फोमाचे, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचे, बरेचसे प्रकार त्यांच्यातूनच होतात. त्यांच्या अंगावर सीडी २० ही खूण. तिला चिकटणारं रिटुक्सिमॅब अमेरिकेत नोव्हेंबर १९९७ मध्ये मंजूर झालं. कॅन्सरच्या उपचारासाठी तिथे मंजूर झालेलं ते पहिलं मोनोक्लोनल, म्हणजे एकाच साच्यातून काढलेलं, अँटीबॉडी. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने त्याची स्वस्तातली आवृत्ती बाजारात आणली. हे औषध शरीरातल्या जवळजवळ सगळ्या बी पेशी साफ करतं, बिघडलेल्याही आणि धडधाकटही. तरी माणूस चालतोफिरतो, जेवतो, कामावर जातो. का? तर ज्या मूळ पेशींपासून बी पेशी बनतात, त्या स्टेम सेलवर सीडी २० नसतंच. नोटा रद्द झाल्या, प्रेस शाबूत राहिली. औषध थांबल्यावर सहा महिन्यांत, वर्षभरात नवी सिरीज येते. दुसरं असं की बी पेशी पिकून प्लाझ्मा पेशी झाली की तीही सीडी २० टाकून देते. म्हणजे लहानपणच्या लशींच्या, जुन्या आजारांच्या अँटीबॉडी बनवणारं खातंही बरंचसं वाचतं. (पूर्ण नाही वाचत. हिपॅटायटिस बी अंगात दबून बसलेला असेल तर या औषधाने तो उठतो, म्हणून आधी तपासणी. ती राहिली की काय होतं ते मी पाहिलंय, इथे नको.)

म्हणजे सीडी २० ही निवड चांगली ठरली याचं कारण ती कॅन्सरची खूण आहे हे नाही. तिच्यासकट सगळं गेलं तरी आपलं भागतं, म्हणून ती चांगली.

आता याच्या उलट सीडी ३३. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ही खूण बहुतेक रुग्णांच्या पेशींवर सापडते. तिच्यावर विष लावलेलं अँटीबॉडी सोडायचं, अशी युक्ती. जेमटुझुमॅब ओझोगॅमिसिन हे तसलं औषध २००० साली मंजूर झालं, २०१० मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं, २०१७ मध्ये डोस बदलून पुन्हा आलं. असं हेलकावे खाण्यामागे बरीच कारणं होती, पण मुळातली अडचण ही की सीडी ३३ मगजातल्या निरोगी मायलॉइड पेशींवरही आहे. त्या गेल्या की न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, गेल्या. बी पेशींशिवाय माणूस वर्ष काढतो, न्यूट्रोफिलशिवाय आठवडाही जड जातो. हे मी नानांना सांगितलं तर म्हणाले, "हे पगाराच्या दिवशी दहाच्या आणि वीसच्या नोटा रद्द केल्यासारखं झालं. मोठी नोट नसली तर माणूस तग धरतो. सुटे नसले तर चहासुद्धा मिळत नाही."

खुणा म्हणतेय खऱ्या, पण पुस्तकात यांना रिसेप्टर म्हणतात, पाठ्यपुस्तकी मराठीत 'ग्राही'. बाहेरून येणारा निरोप पकडणारा, पेशीच्या पापुद्र्यात रुतलेला प्रोटीनचा तुकडा. मायलोमाच्या पेशींवरचीच आणखी एक खूण, बीसीएमए, हा खराखुरा रिसेप्टर. 'जगत राहा' हा निरोप तो प्लाझ्मा पेशीला पोचवतो. सीडी ३८ मात्र मुख्यतः एन्झाइमचं काम करतं. ते निरोप घेतं की नाही याच्याशी औषधाला कर्तव्य नाही. खूण बाहेरून दिसते आणि हाताला लागते, एवढं त्याला पुरतं. नोटेवर गांधीजी काय म्हणतायत हे नानांनी कधी पाहिलं नाही, रेघा सलग आहेत का एवढंच पाहिलं.

माझा धंदाही तोच. कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली सांगितलं की माणसांच्या लाल पेशींवर वेगवेगळ्या खुणा असतात, आणि तेव्हापासून आम्ही रक्तपेढीवाले दिवसभर पृष्ठभाग वाचतो. आत काय आहे ते आम्ही बघतच नाही. निळी बाटली अँटी-ए, पिवळी बाटली अँटी-बी, बिनरंगी अँटी-डी. थेंबावर थेंब टाकायचा, स्लाइड हलवायची, दाणे दिसले की खूण आहे. सव्वीस वर्षांत लाखभर वेळा केलं असेन. आणि हे करताना एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की या निळ्या बाटलीत जे आहे तेच नानांच्या शिरेत जाणार आहे: एका ठरावीक खुणेला चिकटणारं, एकाच साच्यातून काढलेलं अँटीबॉडी.

तो साचा १९७५ चा. केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सीझर मिलस्टीन यांना हवी ती अँटीबॉडी हवी तितकी बनवायची होती. उंदराच्या बी पेशीला अँटीबॉडी बनवता येते, पण ती काचेत दोन-चार दिवसांत मरते. म्हणून त्यांनी तिचा सांधा एका न मरणाऱ्या पेशीशी जोडला. ती न मरणारी पेशी होती उंदराच्या मायलोमाची. हो, मायलोमाची. नानांच्याच आजाराची. एकाच अँटीबॉडीच्या प्रती काढत सुटायची जी तिची खोड, तीच त्यांनी कामाला लावली. दोघांना १९८४ चं नोबेल मिळालं. पेटंट मात्र त्यावर घेतलं गेलं नाही. आता ही औषधं बहुतेक करून हॅमस्टरच्या पेशींमध्ये मोठ्या टाक्यांतून बनवतात. पण वंशावळ काढायची तर नानांना नानांचाच आजार वाचवतोय, असं म्हणता येईल. हे त्यांना सांगितल्यावर ते हसले नाहीत. "काट्याने काटा," एवढं म्हणून पेपर वाचायला लागले.

पांढऱ्या पेशींच्या खुणा लाल पेशींच्या मानाने उशिरा मोजल्या गेल्या. जगभरच्या प्रयोगशाळा आपापली नावं देत बसल्या होत्या. १९८२ मध्ये पॅरिसला सगळे एकत्र जमले आणि नंबर द्यायचं ठरलं. तेच हे सीडी. सामान्य माणसाला यातला सीडी ४ तेवढा माहीत असतो, एचआयव्हीमुळे. बाकीचे साडेतीनशेहून जास्त आमच्यासारख्यांपुरते. ते वाचायचे फ्लो सायटोमीटरवर: प्रत्येक खुणेच्या अँटीबॉडीला वेगळा चमकणारा रंग लावायचा, पेशी एकामागून एक लेझरसमोरून सोडायच्या, कुणाच्या अंगावर कुठला रंग ते मशीन मोजतं. नवीन मुलींना हे शिकवताना मी रहाडीचं उदाहरण देते. जुन्या नाशकातल्या रंगपंचमीच्या रहाडी, पेशवाईपासूनचे ते हौद. तिवंध्याची पिवळी, शनी चौकातली गुलाबी. दुपारी गल्लीतून चालणाऱ्या पोराच्या अंगाकडे बघून कळतं, हा कुठे उडी मारून आलाय. आणि ज्याच्या अंगावर दोन रंग, त्याने दोन्हीकडे धप्पा मारलेला. नाशिकबाहेरच्या मुलींना मात्र आधी रहाड म्हणजे काय हे सांगावं लागतं, मग त्यात लेक्चरची वेळ संपते.

तर त्या रात्री.

मी पोचले तेव्हा टेबलावर जेल कार्डं, म्हणजे रक्त जुळतं का ते दाखवणाऱ्या बारीक नळ्यांची कार्डं, मांडून ठेवली होती. चालणारं रक्त असेल तर लाल पेशी तळाला जाऊन बारीक ठिपका होतो. इथे प्रत्येक नळीत लाली वरच्यावर अडकलेली. पॅनेल लावलं होतं: खुणा माहीत असलेल्या अकरा जणांच्या पेशी. अकराही पॉझिटिव्ह. नानांच्या पेशी आणि नानांचाच प्लाझ्मा, म्हणजे रक्तातलं द्रव, ती नळी मात्र स्वच्छ.

"जगातल्या सगळ्यांवर असते आणि नानांवर नाही अशी कुठलीतरी खूण आहे, ताई," मुलगा म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. त्याला दोष देत नाही. असं सॅम्पल आयुष्यात एखाद्याच वेळी समोर येतं. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असंच एक कोडं सापडलं, त्यातून 'बॉम्बे' रक्तगट जगाला कळला. पण बॉम्बे असता तर ग्रुप बी आलाच नसता. दुसरं काही दुर्मीळ असेल का? परळला केईएमच्या आवारात रक्तगटांची राष्ट्रीय संस्था आहे, तिकडे सॅम्पल पाठवायचं का, असं तो विचारत होता.

मी खुर्चीवर बसले. परक्या रक्ताविरुद्ध अशी अँटीबॉडी आपोआप उगवत नाही. आधी कधीतरी परकं रक्त अंगात जावं लागतं, किंवा बाळंतपण व्हावं लागतं. नानांना आयुष्यात कधी रक्त लावलं नव्हतं. बाळंतपणाचा प्रश्नच नाही. मग शिकली कुठून?

मी रिक्विझिशन फॉर्म ओढला. अक्षर माझंच. संध्याकाळी घाईत मीच भरला होता. 'पूर्वी रक्त चढवले आहे का': नाही. 'सध्या चालू औषधे': बीपीची गोळी.

एवढंच. बीपीची गोळी.

सव्वीस वर्षं मी खिडकीतून नातेवाइकांना फॉर्म परत करतेय. अहो, पूर्ण भरा, औषधं लिहा, रिकामं सोडू नका. आणि आठ आठवडे, दर आठवड्याला, ज्या औषधासाठी नानांना घेऊन मी दिवसदिवस बसले होते, ते औषध माझ्याच हातून लिहायचं राहिलं. ते माझ्या डोक्यात 'कॅन्सरचं औषध' या कप्प्यात होतं. 'रक्तपेढी' या कप्प्यात त्याचं काही काम असेल असं वाटलंच नव्हतं.

लाल पेशींवर सीडी ३८ अगदी थोडं असतं, पण असतं, आणि सगळ्यांच्या लाल पेशींवर असतं. नानांच्या प्लाझ्मात डारा तरंगत होतं. डोनरच्या पेशी त्यात टाकल्या की ते त्यांच्यावर जाऊन बसत होतं. मग आम्ही कूम्ब्सचं द्रव टाकतो, ज्याचं कामच माणसाचं अँटीबॉडी शोधणं. त्याने आपलं काम इमानेइतबारे केलं आणि गुठळी झाली. सगळी टेस्ट बरोबर चालली होती. ती औषध वाचत होती. यात्रेतला कुणीही धरून आणला असता तरी हेच झालं असतं.

आमच्या रक्तपेढीच्या डॉक्टरांना रात्री उठवलं. त्यांनी यावर वाचलं होतं, मी नव्हतं. उपाय आहे, म्हणाल्या. डायथायोथ्रायटॉल, डीटीटी. त्यात डोनरच्या पेशी अर्धा-पाऊण तास ठेवल्या की सीडी ३८ ची घडी उसवते, औषधाला बसायला जागा उरत नाही. आमच्याकडे ते नव्हतं. नानांचा श्वास बरा होता, बीपी टिकून होतं, तेव्हा थांबायचं ठरलं. बिघडलंच तर बी पॉझिटिव्ह बॅग तशीच द्यायची, त्याला मुभा असते. मुंबईहून सकाळच्या गाडीने येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर थर्माकोलच्या डब्यात डीटीटी दुपारी आलं. सडक्या अंड्यासारखा वास. खोलीतली खिडकी उघडावी लागली. तळाशी पहिला स्वच्छ लाल ठिपका दिसला तेव्हा त्या मुलाने माझ्याकडे बघितलं आणि मी सॅम्पलरॅककडे बघितलं.

डीटीटी एक गोची करतं: केल नावाची आणखी एक खूणही उडवून टाकतं, म्हणजे तिच्याविरुद्ध अँटीबॉडी असली तर ती दिसणार नाही. म्हणून बॅग केल-निगेटिव्ह निवडायची. आपल्याकडे ते सोपं, बहुतेक लोक केल-निगेटिव्हच असतात. आणि हे सगळं टाळायचं तर डारा सुरू करण्याआधी रुग्णाच्या लाल पेशींच्या खुणा नीट नोंदवून ठेवायच्या. आता आमच्या खिडकीवर हाताने लिहिलेला कागद आहे: 'डारा चालू असल्यास आधी सांगा. शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांपर्यंतही सांगा.' अक्षर माझं.

संध्याकाळी बॅग वॉर्डात गेली. सिस्टरनी नियमाप्रमाणे मोठ्याने नाव वाचलं, ग्रुप वाचला, बॅगचा नंबर वाचला. नाना डोळे मिटून पडले होते. "नंबर परत वाचा," म्हणाले. तिने वाचला. "हं. सोडा."

एप्रिल २०२४ मध्ये पेपरात फोटो आला, पवईच्या आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू. आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी मिळून तयार केलेली भारतातली पहिली कार-टी सेल थेरपी. परदेशात तेव्हा तीन-चार कोटी लागत होते, ते इथे तीस-चाळीस लाखांच्या घरात. नानांनी कात्रण काढून माझ्यासमोर ठेवलं. "हे चालेल का आपल्याला?"

कार-टीमध्ये रुग्णाच्याच टी पेशी (याही संरक्षणाच्या पांढऱ्या पेशी) काढतात, आम्ही प्लेटलेट काढतो तसल्याच मशीनवर, आणि त्यांना खूण ओळखणारा एक नवा रिसेप्टर बसवून परत सोडतात. म्हणजे इथे रिसेप्टर दोन्ही बाजूंना. पण हे औषध सीडी १९ शोधतं, बी पेशींवरची आणखी एक खूण. मायलोमाच्या पेशींवर ते सहसा नसतं. त्यांच्यासाठी बीसीएमए लागतं.

"म्हणजे नंबर जुळत नाही."

"नाही जुळत, नाना."

"ज्यांचा जुळतो त्यांचं तरी कायमचं होतं?"

कित्येकांचं होतं, मी सांगितलं. काहींचा आजार परत येतो, आणि आलेल्या पेशींनी कधीकधी सीडी १९ काढूनच टाकलेलं असतं. खुणेविना येतात. नाना कात्रणाच्या कडा जुळवत बराच वेळ बसले. खोटी नोट खूण चोरते हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. खूण टाकून देणारी त्यांच्यासाठी नवीन होती.

डारा अजून चालू आहे, आता महिन्यातून एकदा. मागच्या पावसाळ्यात नेहमीच्या तपासणीत प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसवर (यात रक्तातली प्रोटीनं वेगवेगळी करून बघतात) एक बारीक पट्टी दिसली. वर्षभर तिथे काही नव्हतं. पट्टी म्हणजे एकाच साच्यातली अँटीबॉडी, पट्टी म्हणजे मायलोमा परत, हे एवढं मला पाठ. पुढची तपासणी यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी दोनदा चुकीच्या वळणाने घरी आले.

रिपोर्ट आला. अँटीबॉडीच्या दोन जाती असतात, 'कप्पा' आणि 'लॅम्ब्डा'. नानांचा आजार लॅम्ब्डा जातीचा. ही पट्टी कप्पा निघाली. डाराही कप्पाच, आणि शेवटी तेही एकाच साच्यातलं अँटीबॉडी. कागदावर त्याची रेघ उमटणारच. डॉक्टर म्हणाले, औषधाचीच सावली आहे, काळजी नको.

घरी येऊन मी नानांना सांगितलं. त्यांनी रिपोर्ट मागून घेतला, खिडकीपाशी गेले आणि उजेडाकडे धरला. एक डोळा मिटून, कागद थोडा तिरका करून, पूर्वी शीट बघायचे तसा.

"ही बारकी? ही औषधाची?"

"हो."

बराच वेळ बघत होते.

"छपाई स्वच्छ आहे," म्हणाले, आणि कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला.